अंदाज नेमका कशाचा, हे आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याच्या घोषणा आणि त्यांवरचे लेख मराठी वृत्तपत्रांत आता वरचेवर येऊ लागले आहेत. क्षणात क्ष-किरण चित्र वाचणारी, जोखमीच्या गरोदर मातांची यादी काढणारी किंवा उपचार अर्धवट सोडण्याची शक्यता असलेला क्षयरुग्ण आधीच हेरणारी प्रणाली कशी उपयोगी पडेल, याचे वर्णन त्यांत असते. त्यावरची चर्चा बहुधा यंत्राचा वेग, अचूकतेची टक्केवारी आणि डॉक्टरांच्या नोकऱ्या यांभोवती फिरते. मी डेटा सायंटिस्ट आहे आणि सार्वजनिक रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या नोंदींवर काम करते, म्हणजे ज्यांना खासगी दवाखान्याचा पर्याय परवडत नाही अशा माणसांच्या नोंदींवर. या कामातून माझे असे ठाम मत झाले आहे की, यंत्राला नेमका कशाचा अंदाज बांधायला शिकवले आहे, हा गरीब रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक प्रश्न आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे जाहीरपणे विचारला जात नाही.

याचे सर्वांत चांगले अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील रुग्णालये आणि विमा कंपन्या कोट्यवधी लोकांसाठी एक प्रणाली वापरत होत्या. कोणत्या रुग्णाला जादा देखरेखीची गरज आहे हे ठरवण्यासाठी ती प्रत्येकाला जोखमीचे गुण देई. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, समान गुण मिळालेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात बरेच अधिक आजारी होते. प्रणालीला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. दोष होता तो तिला दिलेल्या उद्दिष्टात. ‘हा माणूस किती आजारी आहे’ याऐवजी ‘याच्यावर पुढे किती खर्च होईल’ याचा अंदाज बांधायला तिला शिकवले होते, कारण खर्चाचे आकडे सहज हाताशी होते. ज्यांना उपचारच कमी मिळतात त्यांच्यावरचा खर्चही कमी असतो, आणि म्हणून यंत्राच्या लेखी ते निरोगी ठरतात. हा दोष दूर केला तर जादा देखरेखीस पात्र ठरणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्या अभ्यासकांनी मोजले. खर्चाच्या आकड्यांवर एखादी प्रणाली उभी करणे किती साधे आणि किती घातक असू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे हाच सापळा जवळजवळ जशाच्या तशा रूपात समोर आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. या योजनेखाली केलेल्या उपचारांच्या पैशांसाठी रुग्णालयांनी केलेले दावे हा राज्यातील गरीब रुग्णांविषयीचा सर्वांत नीटनेटका डिजिटल साठा म्हणावा लागेल, कारण प्रत्येक नोंदीवर रुग्णालयाचे पैसे अवलंबून असतात आणि म्हणून ती नोंद कोणी विसरत नाही. साहजिकच, राज्याच्या आरोग्यगरजांचा अंदाज बांधायला निघालेला कोणताही तंत्रज्ञ आधी याच साठ्याकडे वळतो. पण अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या आणि मंजूर उपचारांच्या यादीत बसलेल्या माणसाचीच ओळ त्यात असते. धडगाव, मोखाडा किंवा भामरागडसारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यातील ज्या माणसाने छातीतली कळ घरीच सोसली, त्याची ओळ तेथे नसते. हृदयरोगी कोठे अधिक आहेत असे या साठ्याला विचारले, तर अँजिओप्लास्टीची सोय कोठे आहे तेच तो सांगेल, आणि त्या उत्तरावर नव्या सुविधांचे वाटप झाले तर जेथे सोय आहे तेथेच आणखी सोय जाईल.

उलट दिशेची चूकही तितकीच गंभीर असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर कापला जाणारा पैसा, फडावर शौचालयाचा आणि पाण्याचा अभाव, कॅन्सरची दाखवलेली भीती, ही कारणे तेव्हा पुढे आली. आता समजा, हा संदर्भ ठाऊक नसलेल्या कोणी केवळ शस्त्रक्रियांच्या नोंदी यंत्राला दिल्या, तर ते यंत्र या भागातील तरुण स्त्रियांना गर्भाशय काढण्याची गरज अधिक असते असे शिकेल आणि पुढच्या स्त्रीच्या बाबतीत तोच कल दाखवेल. अन्यायाची नोंद गरज म्हणून वाचली जाण्याचा हा धोका आहे, आणि गणित कितीही अचूक असले तरी तो टळत नाही.

ऊसतोडीचा विषय निघाला आहे म्हणून नोंदींमधल्या आणखी एका गोष्टीविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. क्षयरोगाच्या रुग्णांची नोंद २०१२ पासून ‘निक्षय’ या राष्ट्रीय प्रणालीत होते. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो, आणि मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जाणाऱ्या टोळ्यांचा हंगामही जवळजवळ तेवढाच असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेला रुग्ण कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रात पोहोचला आणि त्याची नोंद तिकडे वर्ग झाली, तर उत्तम. तसे झाले नाही तर त्याच्या नावापुढे ‘उपचार सोडला’ असा शेरा पडतो. माणूस बेफिकीर नव्हता, त्याच्या मागे औषध गेले नाही. पण रकान्यात दोन्हींसाठी एकच खूण आहे. अशा हजारो खुणांवरून शिकलेली प्रणाली स्थलांतरित मजुराला ‘बेभरवशाचा रुग्ण’ समजते. त्या अंदाजाचा उपयोग त्याला दोन महिन्यांची औषधे आगाऊ देण्यासाठी होतो की त्याला खडसावण्यासाठी होतो, हे यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणूनच ‘उपचार सोडला’ या शेऱ्याआड गाव सोडणे, औषध न मिळणे, दुष्परिणाम सहन न होणे आणि खासगी डॉक्टरकडे जाणे या चार वेगळ्या घटना दडलेल्या असतात, हे मान्य करून त्या वेगवेगळ्या नोंदवाव्यात, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही. नोंद करणाऱ्याला रुग्णाशी पाच मिनिटे बोलण्याइतकी उसंत मात्र लागते.

गरोदर मातांच्या नोंदींतही अशीच अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. तपासण्या सासरच्या उपकेंद्रात झालेल्या असतात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात होते, बाळाचे पहिले लसीकरणही तेथेच होते, आणि सासरकडच्या नोंदवहीत ती बाई सातव्या-आठव्या महिन्यानंतर नाहीशी होते. दोन्हीकडच्या नोंदी जुळवायच्या तर लग्नानंतर बदललेले नाव, वडिलांच्या जागी आलेले पतीचे नाव, एकाच देवनागरी नावाची रोमन लिपीतली अनेक रूपे आणि अंदाजाने लिहिलेले वय यांतून वाट काढावी लागते. वयाच्या रकान्यात २५, ३० आणि ३५ यांची गर्दी दिसली की विचारून भरलेले वय कोणते आणि अंदाजाने टाकलेले कोणते, याची शंका येतेच. आमच्या कामाचा बराचसा वेळ या जुळवाजुळवीत जातो, प्रगत गणितात नव्हे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. गरीब रुग्णासाठीचे काम म्हणजे प्रामुख्याने हेच काम आहे, आणि ते टाळून तयार प्रणाली विकत आणली तर जी बाई दोन नोंदवह्यांच्या मधल्या फटीत पडली ती तेथेच राहते.

क्ष-किरणाविषयी थोडे. छातीचे क्ष-किरण चित्र वाचून क्षयाची शक्यता सांगणाऱ्या संगणक-प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी मान्यता दिली, आणि जेथे क्ष-किरणतज्ज्ञ नाही तेथे त्या खरोखर उपयोगाच्या आहेत. पण अशी प्रणाली ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे थेट सांगत नाही. ती एक गुण देते. किती गुणांच्या वर माणसाला थुंकीच्या तपासणीसाठी पाठवायचे, ती मर्यादा माणसाने ठरवायची असते. मर्यादा खाली ठेवली तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर थुंकीत क्षयजंतू शोधणाऱ्या तपासण्या वाढतात आणि त्यांचे साहित्य लवकर संपते. वर नेली तर साहित्य पुरते, पण काही खरे रुग्ण घरी परत जातात. म्हणजे ती मर्यादा हा वैद्यकीय निर्णय जितका आहे तितकाच अर्थसंकल्पाचा निर्णय आहे. शिवाय जुन्या क्षयाचे व्रण असलेल्या किंवा दगडखाणीत काम करून फुप्फुसात धूळ साठलेल्या माणसाला यंत्र जास्त गुण देऊ शकते, म्हणून प्रत्येक भागात ती मर्यादा पडताळून पाहावी लागते. आपल्या जिल्ह्यात ती किती ठेवली आहे, कोणी ठेवली आणि तपासणीचे साहित्य संपल्यावर ती बदलली जाते का, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला असला पाहिजे.

हे सर्व वाचून मी या तंत्राच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. उद्दिष्ट विचारपूर्वक ठरवले तर काय साधते याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ‘आरमान’ ही संस्था ‘एममित्र’ या उपक्रमातून गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांच्या मातांना ध्वनिमुद्रित आरोग्यसंदेश फोनवर ऐकवते. काही स्त्रिया हळूहळू ते संदेश ऐकणे बंद करतात. अशांना कार्यकर्तीने स्वतः फोन करून विचारपूस केली तर फरक पडतो, पण कार्यकर्त्या मोजक्याच असल्याने सगळ्यांना फोन करणे शक्य नसते. मग कोणाला करायचा? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते की, जिची संदेश ऐकणे सोडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिला. गूगलचे संशोधक, आयआयटी मद्रास आणि आरमान यांनी मिळून प्रश्न वेगळा मांडला: फोन केल्याने जिच्या बाबतीत सर्वाधिक फरक पडेल ती कोण? काही जणी फोन न करताही पुन्हा ऐकू लागतात आणि काहींच्या अडचणी फोनने सुटण्यासारख्या नसतात. सुमारे २३ हजार स्त्रियांचा समावेश असलेल्या प्रत्यक्ष चाचणीत या पद्धतीमुळे संदेश ऐकण्यातील घट सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. मला यातील गणिताइतकेच महत्त्वाचे हे वाटते की, उत्तर आधीच ठाऊक नसल्याचे मान्य करून, तुलनेसाठी वेगळे गट ठेवून ते तपासले गेले. संदेश ऐकणे म्हणजे आई-बाळाची प्रकृती सुधारणे नव्हे, ही पुढची पायरी अर्थातच उरते.

शिवाय फोनवर आधारलेल्या कोणत्याही योजनेने २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील एक आकडा विसरू नये: स्वतः वापरत असलेला मोबाइल स्वतःजवळ असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के आहे. उरलेल्या स्त्रियांच्या नावापुढे पतीचा, दिराचा किंवा आशाताईंचाच नंबर असतो. एकाच नंबरावर अनेक गरोदर स्त्रिया दिसल्या की संगणक त्यांना चुकीच्या नोंदी समजून गाळू पाहतो, आणि ज्यांच्याकडे फोन नाही, म्हणजे ज्यांना मदतीची गरज अधिक असण्याचा संभव आहे, त्याच गाळल्या जातात.

आकडे आणि सेवा यांचे नाते कसे असावे, हे आपल्याच राज्यात तीस वर्षांपूर्वी दाखवले गेले आहे, आणि तेही संगणकाच्या फारशा आधाराविना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी, नोंद आणि उपचार शिकवले. ३९ गावांमध्ये हा प्रयोग झाला आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचा मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. पुढे घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत देशभरातील आशांच्या कामाचा भाग झाली. या प्रयोगात बाळाचे वजन आणि श्वास मोजणारी स्त्री आणि त्या मोजमापावरून तेथल्या तेथे काही करू शकणारी स्त्री एकच होती. आज आशा आणि आरोग्यसेविका अनेक नोंदवह्या आणि ॲप भरतात, तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहितात, ती माहिती वर जाते आणि बहुतेकदा त्यांच्याकडे काहीही परत येत नाही. आपण भरलेल्या माहितीतून आपल्याच गावातील कोणत्या तीन घरांकडे या आठवड्यात आधी जावे, एवढे जरी आशाताईंना मराठीत परत मिळाले, तरी नोंदीचा दर्जा सुधारेल असे मला वाटते. त्या नोंदीचा उपयोग मग ती भरणारीलाही दिसेल.

आणि यादीबरोबर साधनेही गेली पाहिजेत. जोखमीच्या मातांची यादी आरोग्य केंद्राला पाठवली, पण शिरेतून देण्याची लोहाची इंजेक्शने संपलेली आहेत, रुग्णवाहिका दुरुस्तीला गेली आहे आणि रक्तसाठा केंद्र दोन तासांवर आहे, अशा स्थितीत त्या यादीने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या शिरावर जबाबदारी तेवढी वाढते. उद्या माता दगावली तर ‘तुम्हाला यंत्राने आधीच सांगितले होते’ असे त्यालाच ऐकावे लागेल. अंदाज देणाऱ्याने तो पेलण्याची सोय आधी पाहिली पाहिजे.

संमतीचा प्रश्नही टाळता येणार नाही. केसपेपरच्या खिडकीवर आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, काढून घेतला तर रांग लवकर सरकते, म्हणून रुग्ण तो काढतात; त्यातून आपली कोणती माहिती कोणाला दिसेल हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि माहितीपूर्ण असावी असे म्हटले आहे आणि संमतीसाठीची सूचना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये वाचण्याची सोयही त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. गोंडी, कोरकू आणि भिली नाहीत. ज्या रुग्णांना समजावून सांगण्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांच्याच भाषा तेथे नाहीत. केवळ नाव काढून टाकल्याने ओळख लपते, हा समजही चुकीचा आहे. तीनशे वस्तीच्या पाड्यावर वय, प्रसूतीचा महिना आणि आजार एवढे कळले तरी ती बाई कोण हे सगळ्यांना कळते, आणि आजार क्षय किंवा एचआयव्ही असेल तर त्याची किंमत तिला घरात मोजावी लागते.

म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागाकडे माझी मागणी आहे की, सरकारी पैशाने किंवा सरकारी नोंदींवर चालणाऱ्या प्रत्येक अंदाज-प्रणालीविषयी एक मराठी टिपण जाहीर करावे. ती नेमका कशाचा अंदाज बांधते, कोणत्या काळातील आणि कोणत्या जिल्ह्यांतील नोंदींवर शिकली, तिच्या गुणांची मर्यादा कोणी ठरवली आणि स्त्रिया, आदिवासी व स्थलांतरित मजूर यांच्या बाबतीत तिच्या चुकांचे प्रमाण किती आहे, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले असावे. सगळ्यांची मिळून काढलेली अचूकता यासाठी पुरेशी नाही. पुण्या-मुंबईच्या नोंदींची संख्याच इतकी मोठी असते की नंदुरबारमधील चुका त्या एकत्रित आकड्यात बुडून जातात. निविदेतच अशी अट असावी की, प्रणाली विकत घेण्यापूर्वी ती मेळघाट, नंदुरबार किंवा गडचिरोलीत आणि एका साखर कारखान्याच्या परिसरात तुलनात्मक पद्धतीने तपासली जाईल. यंत्राचा सल्ला कारण लिहून नाकारण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याला असावा आणि ती कारणे दर तिमाहीला वाचली जावीत. प्रणाली कोठे कमी पडते हे त्या कारणांतूनच सर्वांत लवकर कळेल.

ही कारणे वाचणार कोण, हा शेवटचा आणि मला सर्वांत जवळचा मुद्दा आहे. या कामासाठी लागणारी माणसे कंत्राटावर किंवा सल्लागार कंपन्यांमार्फत आणली, तर कंत्राट संपले की ‘उपचार सोडला’ या शेऱ्याचा अर्थ कोणत्या तालुक्यात काय होतो हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. राज्याकडे नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे. त्यांच्या मदतीने जिल्हा आरोग्य कार्यालयांत डेटा अभ्यासकाची कायम पदे निर्माण करता येतील, आणि त्या पदावरील व्यक्तीने काही काळ उपकेंद्रात आरोग्यसेविकेबरोबर नोंदी भरण्याचे काम केलेच पाहिजे अशी अट घालता येईल. हिंजवडीत किंवा बंगळूरुत मिळणारा पगार जिल्हा परिषद देऊ शकणार नाही, हे उघड आहे. तरीही सांख्यिकी आणि संगणकशास्त्र शिकलेली, ग्रामीण भागातून आलेली आणि असे काम मनापासून करू इच्छिणारी मुले-मुली मला भेटत असतात. अर्ज कोठे करायचा, असे ती विचारतात, आणि सध्या त्यांना सांगण्यासारखे सरकारी पद जिल्ह्याच्या आस्थापनेवर मला दिसत नाही.

आपली,
सार्वजनिक आरोग्याच्या नोंदींवर काम करणारी एक वाचक,
पुणे